सुटका ही भरपाई नव्हे

२१ जुलै २०२५, सोमवार. मधल्या सुट्टीत आमच्या स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली. मुंबई उच्च न्यायालयाने ७/११ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातील बाराही जणांना निर्दोष सोडले. क्षणभर कुणी काही बोलेना. मग एका सरांनी शिपायाला पैसे देऊन पेढे आणायला पाठवले. “अल्हम्दुलिल्लाह, बाइज्जत बरी हो गये,” असे प्रत्येकजण प्रत्येकाला सांगू लागला. मीही पेढा घेतला. खरे सांगायचे तर तो घशाखाली उतरायला वेळ लागला. कारण डोक्यात एक साधा हिशेब सुरू झाला होता. स्फोट झाले २००६ साली. तेव्हा मी दहावीला होते. त्यानंतर मी अकरावी-बारावी केली, पदवी घेतली, बी.एड. केले, नोकरीला लागले, माझा निकाह झाला, दोन मुले झाली, थोरला आता पाचवीत आहे. माझे हे सगळे आयुष्य ज्या एकोणीस वर्षांत बसते, तेवढी वर्षे ती माणसे कोठडीत होती. त्यांतील पाच जण तर २०१५ पासून फाशीची शिक्षा डोक्यावर घेऊन जगत होते. बारातला एकजण २०२१ साली नागपूरच्या तुरुंगातच कोविडने वारला. तो निर्दोष ठरला तेव्हा चार वर्षे कबरीत होता. त्याची कुठली इज्जत कुणी कुणाला परत केली?

‘बाइज्जत बरी’ हा शब्द आपण वापरतो तो स्वतःच्या समाधानासाठी. कोर्ट माणसाला सोडते. इज्जत, उमेदीची वर्षे, आईच्या शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसण्याचे दिवस, यांतले काहीही कोर्ट परत देत नाही. ते मागावे लागते. आणि आपण मागत नाही. माझे भांडण आहे ते या न मागण्याशी. पोलिसांशी आणि सरकारशी तर आहेच, पण त्यांच्याबद्दल या अंकांतून आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. आज थोडे आपल्याबद्दल लिहिते. कुणाला राग आला तर यावा.

या खटल्यात एक तेरावा माणूसही होता. अब्दुल वाहिद शेख. मुंबईतले शिक्षक, म्हणजे माझ्याच पेशाचे. ११ सप्टेंबर २०१५ रोजी विशेष न्यायालयाने तेरा आरोपींपैकी फक्त त्यांना निर्दोष सोडले. नऊ वर्षे आत काढून ते बाहेर आले. तुरुंगात असतानाच त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिले. बाहेर आल्यावर पुन्हा वर्गात शिकवायला उभे राहिले. त्यांच्या सुटकेविरुद्ध सरकारने अपीलसुद्धा केले नाही, म्हणजे त्यांच्या बाबतीत विषय केव्हाच संपलेला आहे. तरी त्यांनी इतकी वर्षे भरपाई मागितली नाही. बाकीचे बाराजण आत असताना आपण पैसे मागणे त्यांना बरे वाटेना. ते सुटल्यानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये, वाहिद शेख यांनी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे आणि राज्याच्या आयोगांकडे नऊ कोटी रुपयांच्या भरपाईची मागणी केली. नऊ वर्षांचे नऊ कोटी.

यावर आमच्या मोहल्ल्यातली पहिली प्रतिक्रिया काय होती? “नऊ कोटी! फार झाले की. सुटला ते काय कमी आहे?” हे बोलणारे गृहस्थ स्वतः निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना मी एवढेच विचारले की सर, तुमची एक वेतनवाढ क्लार्कच्या चुकीने अडकली होती तेव्हा तुम्ही किती वर्षे वेतन पथकाचे उंबरे झिजवले? वरिष्ठ वेतनश्रेणीचा फरक व्याजासह मिळावा म्हणून तुम्ही वकील लावला होता ना? मग एका शिक्षकाच्या सेवापुस्तिकेतली नऊ वर्षे कोरी राहिली, त्याची सेवाज्येष्ठता, त्याचा पगार, त्याच्या मुलांचे बालपण गेले, त्याचा हिशेब मागणे लोभ कसा ठरतो? सरांनी विषय बदलला. आपले असेच आहे. वेतनवाढीचा हक्क आपल्याला कळतो, स्वातंत्र्याचा हक्क मात्र मेहरबानी वाटतो.

मी आटपाडीची. बाहेर कुठे प्रशिक्षणाला गेले आणि गावाचे नाव सांगितले की जाणकार माणूस दोन गोष्टी विचारतो, माडगूळकर आणि स्वतंत्रपूर. औंध संस्थानच्या काळात, १९३९ साली, इथे भिंती नसलेला तुरुंग सुरू झाला. शिक्षा झालेले कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. ‘दो आँखे बारह हाथ’ हा १९५७ सालचा चित्रपट त्यावरूनच सुचला, कथा गदिमांची. गुन्हा केलेल्या माणसावरसुद्धा विश्वास ठेवून त्याला पुन्हा माणसांत आणता येते, असे मानणाऱ्या एका छोट्या संस्थानाने हे ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवले. मला याचा अभिमान आहे. पण मनात येते, की ज्याने गुन्हा केला त्याच्या पुनर्वसनाचा विचार आपल्या राज्याला १९३९ मध्ये सुचला, आणि ज्याने गुन्हा केलाच नाही त्याच्या पुनर्वसनासाठी २०२५ मध्येही एक ओळीचा कायदा नाही! दोषी ठरलेल्याला जमीन कसायला मिळते. निर्दोष ठरलेल्याला तुरुंगाच्या दारातून एसटीने घरी जायचे असते.

मोठ्या खटल्यांच्या बातम्या होतात. तालुक्याच्या ठिकाणी जे घडते त्याची बातमी होत नाही. म्हणून एक गोष्ट सांगते. पोलीस ठाण्याचे नाव देत नाही, शेजारच्या तालुक्यातले आहे एवढे पुरे.

माझा एक जुना विद्यार्थी शनिवारच्या बाजारातून शेळ्या-बोकड भरून नेणारा छोटा टेम्पो चालवतो. दहावीत गणितात काठावर पास झालेला, पण भाड्याचा हिशेब तोंडपाठ. दहा महिन्यांपूर्वी एका शनिवारी रात्री त्याला रस्त्यात अडवले. गाडीत बोकड होते, पावत्या होत्या. “चल, साहेबांना दाखव,” म्हणून ठाण्यात नेले. शनिवारची रात्र, रविवारचा पूर्ण दिवस आणि रात्र तो आत होता. सोमवारी दुपारी सोडला. गुन्हा नाही, अटकेचा कागद नाही, घरी निरोप नाही, मॅजिस्ट्रेटसमोर नेले नाही. गाडीतले चार बोकड उन्हात मेले. ते दुसऱ्याचे होते, त्यांचे पैसे तो अजून फेडतो आहे. मारहाण किती झाली ते त्याने आईला सांगितले नाही, मला तर नाहीच.

त्याची आई माझ्याकडे आली. उर्दू शाळेतल्या शिक्षिकेकडे आमच्या बायका दोन कामांसाठी येतात, मुलाचा दाखला आणि मराठीतला अर्ज. “आपा, एक अर्जी लिखके देव. मेरे बच्चेकू काय कू पकड्ये, इत्ताच पूछना है.” मी अर्ज लिहिला. पोलीस अधीक्षकांच्या नावे, दीड पानी. त्या संध्याकाळी जमातीतले चार ज्येष्ठ त्यांच्या घरी गेले. “छुट गया ना? बस हुआ. पोलिसांशी वैर घेऊन धंदा होतो का? पुढच्या वेळी काही लावतील मग?” बाई दुसऱ्या दिवशी आली आणि अर्ज परत मागून घेऊन गेली. माझ्यासमोर फाडला नाही, एवढा मान तिने राखला.

त्या चौघांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांनी जगाचा अनुभव घेतलेला आहे आणि त्यांची भीती खोटी नाही. याच सांगली जिल्ह्यात नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एका तरुणाचा मारहाणीत जीव गेला आणि त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला गेला. तो तरुण मुसलमान नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण आपण हा प्रश्न फक्त आपला समजतो आणि तिथेच एकटे पडतो. आमच्या आटपाडी-खानापूर भागातली हजारो पोरे देशभर सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत, बहुतेक हिंदूच. चोरीचे सोने घेतल्याच्या संशयावरून परराज्यातले पोलीस कधी दारात उभे राहतील याची धास्ती त्यांच्या घरांतही असते. जुन्या ४११ कलमाचे नाव काढले की चेहरे उतरतात. पारध्यांचे तर विचारूच नका. इंग्रजांनी त्यांच्यासारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ साली गेला, पण गावात चोरी झाली की पहिली जीप त्यांच्याच पालाकडे वळते. आटपाडीच्याच मातीतले शंकरराव खरात वकील झाले, भटक्या-विमुक्तांच्या प्रश्नांवर लिहिले. आपल्या पोरांनी त्यांचे नाव स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये फक्त ‘साहित्यिक’ म्हणून पाठ केलेले असते.

तेव्हा ज्येष्ठांची भीती मान्य. पण गप्प बसल्याने ती भीती कमी होते का? माझा अनुभव उलट आहे. ज्या घरातून अर्ज गेला नाही, त्या घराकडे पोलीस पुन्हा येतात. कारण तिथे येणे फुकट असते.

फुकट हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. बेकायदा अटक आपल्याकडे किती स्वस्त आहे ते बघा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५८ वे कलम होते, विनाकारण अटक झालेल्याला भरपाई देण्याचे. रक्कम किती? १९७३ च्या संहितेत शंभर रुपयांपर्यंत. २००५ च्या दुरुस्तीने ती एक हजार रुपयांपर्यंत झाली. आणि तीही पोलिसांनी द्यायची नाही, ज्याच्या सांगण्यावरून पोलिसांनी अटक केली त्या माणसाने द्यायची! पुढे सरकारने सगळी संहिताच बदलली. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. गुलामीची चिन्हे पुसली असे सांगण्यात आले. तिचे ३९९ वे कलम उघडून वाचा. तेच कलम, तेच एक हजार रुपये. चार मेलेल्या बोकडांपैकी एकाचे एक तंगडेसुद्धा त्यात येत नाही.

या बदलाच्या पाच वर्षे आधी, ऑगस्ट २०१८ मध्ये, भारताच्या विधी आयोगाने २७७ वा अहवाल दिला होता. विषय हाच, खोट्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितल्यावरून आयोगाने हे काम हाती घेतले. अशा दाव्यांसाठी विशेष न्यायालये असावीत, दावा लवकर निकाली निघावा, पैशांबरोबर समुपदेशन आणि रोजगाराचे प्रशिक्षणही मिळावे, असे त्यात सुचवले होते. नवी संहिता लिहिताना हा अहवाल सरकारच्याच कपाटात होता. तो कुणी उघडला नाही. आणि आपल्या एकाही आमदार-खासदाराने उर्दू अकादमीच्या समितीसाठी जेवढा आवाज केला तेवढा यासाठी केल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

१९७९ साली भारताने नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्या करारात बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा हक्क आहे. भारताने नेमक्या त्या कलमापुढे खूण करून कळवले, की आमच्या कायदेव्यवस्थेत असा हक्क नाही. तो हक्क निर्माण करावा असे पुढच्या कुठल्याही सरकारला वाटले नाही, मग ते कुठल्याही पक्षाचे असो.

मग रस्ता बंद आहे का? मुळीच नाही, आणि मला हेच सांगायचे आहे. न्यायालयांनी रस्ता काढला आहे, तो खाचखळग्यांचा आहे, पण आहे. बिहारमधल्या रुदुल शाह नावाच्या कैद्याला निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे तुरुंगात ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली त्याला पस्तीस हजार रुपये देवविले. रक्कम लाजिरवाणी, पण राज्यघटनेतील हक्क मोडला तर रिट अर्जातही भरपाई मिळू शकते हे तिथे ठरले. १९८५ साली जम्मू-काश्मीरच्या एका आमदाराला विधानसभेत जाऊ नये म्हणून पकडले होते, त्याला पन्नास हजार मिळाले. कोठडीतल्या मृत्यूबद्दल १९९३ मध्ये ओडिशातील एका आईला दीड लाख मिळाले. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचे नियमच घालून दिले. अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणे. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणे तर घटनेच्या २२ व्या अनुच्छेदातच आहे. आणि अगदी अलीकडचे, आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे उदाहरण घ्या. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन न देता एका संगीत शिक्षकाला रात्रभर कोठडीत ठेवले म्हणून २०२३ मध्ये न्यायालयाने दोन लाख रुपये द्यायला लावले, आणि ते दोषी अधिकाऱ्यांकडून वसूल करण्यास सांगितले. एक रात्र, दोन लाख. माझा विद्यार्थी दोन रात्री आत होता. त्याच्या आईला हे कुणी सांगितलेच नव्हते. मलाही तेव्हा माहीत नव्हते, ही माझी चूक.

इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ साली हेरगिरीच्या खोट्या आरोपात अटक झाली. पन्नास दिवस ते आत होते. १९९६ सालीच सीबीआयने आरोप खोटे असल्याचे सांगितले. आपल्यातले कुणी असते तर तिथेच पेढे वाटले असते. नंबी नारायणन थांबले नाहीत. मानवाधिकार आयोग, दिवाणी दावा, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय करत सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी पन्नास लाख रुपयांचा आदेश मिळवला, आणि ज्या अधिकाऱ्यांनी अडकवले त्यांची चौकशीही लावली.

इथे कुणी मला थांबवून सांगेल की ते शास्त्रज्ञ होते, आणि ते आपले नव्हते. ते खरे आहे, मी डोळ्यांवर कातडे ओढून घेत नाही. अक्षरधाम खटल्यातले सहाजण मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटले, त्यांतल्या काहींना फाशी सुनावलेली होती. त्यांनी भरपाई मागितली तेव्हा २०१६ साली त्याच न्यायालयाने नकार दिला. असे दिले तर प्रत्येक सुटलेला मागायला येईल, अशी त्यामागची काळजी होती. मक्का मशीद स्फोटात विनाकारण पकडलेल्या हैदराबादच्या तरुणांना आंध्र सरकारने २०१२ मध्ये स्वतःहून रक्कम दिली, तर पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने तो आदेशच रद्द केला. मालेगावला ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, बड्या कब्रस्तानात स्फोट झाले. मेले मुसलमान, आणि पकडले तेही नऊ मुसलमान. पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, त्यांना जामीन मिळाला, पण दोघांना तरीही बाहेर येता आले नाही कारण तेच ७/११ मध्येही आरोपी होते. २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने सगळ्यांना दोषमुक्त केले. तोवर नवांतला एकजण हयात नव्हता. गुलबर्ग्याचा फार्मसीचा एक विद्यार्थी १९९४ च्या जानेवारीत उचलला गेला, मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. नाशिकच्या टाडा न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये अकराजणांना सोडले ते १९९४ च्या अटकेनंतर. पंचवीस वर्षे!

प्रत्येक सुटलेला माणूस खोटेपणाने अडकवलेलाच असतो असे माझेही म्हणणे नाही. पुरावा अपुरा पडणे वेगळे आणि पुरावा बनवणे वेगळे. पण ७/११ च्या निकालात उच्च न्यायालयाने कबुलीजबाब फेटाळले ते ते छळ करून घेतलेले दिसतात म्हणून. दोन वेगवेगळ्या माणसांचे जबाब जागोजागी शब्दशः सारखे होते. ओळखपरेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. याला पुरावा अपुरा पडणे म्हणत नाहीत. हे सरकारला झोंबले. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ जुलैला हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश झाला. मात्र सुटलेल्यांना परत आत घातले नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या सभांमध्ये बोलली जात नाही. त्या संध्याकाळी अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, एकशे ऐंशीहून अधिक माणसे मेली, ती कामावरून घरी चालली होती. त्यांच्या बायकामुलांना एकोणीस वर्षे सांगितले गेले की गुन्हेगार सापडलेत. त्यांचीही फसवणूकच झाली. भरपाईचा दावा लावताना आपण त्यांच्या विरुद्ध बाजूला उभे नसतो, हे आपण मोठ्याने म्हणायला हवे. खोटा आरोपी पकडला म्हणजे खरा सुटला. हे त्यांना आपल्याशिवाय कोण सांगणार?

आता सब्रबद्दल. जमातीत हा विषय काढला की सब्र, सब्र असे ऐकू येते. सब्राचे उदाहरण म्हणून हजरत युसुफ अलैहिस्सलाम यांचे नाव घेतले जाते, तुरुंगात राहिले म्हणून. पण सूरह युसुफमधला तो प्रसंग पुन्हा वाचा, आपल्या मुलांना मी तो दरवर्षी सांगते. बादशहाचा माणूस सुटकेचा निरोप घेऊन तुरुंगात येतो. युसुफ बाहेर पडत नाहीत. ते त्याला परत पाठवतात, की आधी मालकाला जाऊन विचार, हात कापून घेणाऱ्या त्या बायकांचे प्रकरण काय होते? चौकशी होते, आरोप करणारी स्वतः कबूल करते, आणि मगच ते बाहेर येतात. सुटका हातात असताना आधी निर्दोषत्वाची जाहीर कबुली मागितली, हा पैगंबरांचा सब्र. आपण ज्याला सब्र म्हणतो तो थकवा आहे. थकवा येणे गुन्हा नाही, पण त्याला दीनचे नाव देऊ नये.

कायद्यातली खरी अडचण भीतीपेक्षा तारखांची आहे आणि ती कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल दिवाणी दावा करायचा तर मुदतीच्या कायद्याप्रमाणे सुटल्यापासून एक वर्ष. द्वेषबुद्धीने खटला भरल्याबद्दल दावा करायचा तर निर्दोष ठरल्यापासून एक वर्ष. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमात १६१ वे कलम आहे. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा सहा महिन्यांच्या आत, आणि त्याआधी एक महिन्याची नोटीस. सरकारला प्रतिवादी करायचे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमाखाली दोन महिन्यांची नोटीस वेगळी. कोठडीतल्या मारहाणीला ‘कर्तव्य’ म्हणायचे का, आणि ही सहा महिन्यांची अट तिला लागते का, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. पण वादात कशाला पडायचे? सहा महिनेच धरून चालावे. सहा महिने म्हणजे किती, तर सुटलेल्या माणसाला रात्री नीट झोप लागायला लागेपर्यंत ते संपलेले असतात. आणि जो नऊ वर्षे आतच आहे त्याचे सहा महिने तर आतच संपतात! हे कलम लिहिणाऱ्यांना पोलिसांची केवढी काळजी होती!

पुरावाही लगेच मागावा लागतो. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावून अठरा महिन्यांचे चित्रण जपण्यास सांगितले आहे. सुटल्याच्या आठवड्यातच माहिती अधिकारात ते चित्रण आणि ठाणे दैनंदिनीची नक्कल मागावी. मारहाण झाली असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन कागद करावा, खासगी डॉक्टरची चिठ्ठी पुढे टिकत नाही.

हे सगळे एकट्या टेम्पोवाल्याने करायचे का? इथे जमातीचे काम सुरू होते. जमियत उलमाने मोठ्या खटल्यांत वकील दिले, वर्षानुवर्षे दिले, ते उपकार विसरण्यासारखे नाहीत. पण तो खर्च सुटकेपाशी थांबतो. सुटल्यावर सत्काराची शाल मिळते, दाव्याची कोर्ट-फी मिळत नाही. आमच्या जमातीकडे मय्यतीच्या सामानाचा फंड आहे, मंडप-भांड्यांचा आहे, मदरशाच्या छताचा तर दरवर्षी असतो. तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या एका वकिलाची वर्षाची फी त्या छतापेक्षा जास्त नाही. मी हे मीटिंगमध्ये बोलू शकत नाही, कारण मीटिंग मशिदीत होते आणि आम्ही बायका तिथे नसतो. म्हणून इथे लिहिते आहे.

त्या मुलाची आई सात महिन्यांनी परत आली. या वेळी मुलगाही बरोबर होता. त्याला पुन्हा अडवले होते, याच रस्त्यावर, “तूच ना तो?” म्हणत. आत नेले नाही, पैसे घेतले. आता आपा, जे लिहायचे ते लिहा, असे त्यानेच म्हटले. आम्ही विट्याला एका वकिलांकडे गेलो. ते पारध्यांच्या केसेस चालवतात, फी अर्धीच सांगितली. पोलीस अधिनियमातले सहा महिने गेले, ते म्हणाले, पण नोंद न करता दोन रात्री डांबणे हे कर्तव्यच नव्हे असे आपण मांडू, वर्षाची मुदत अजून आहे, शिवाय उच्च न्यायालयाचा मार्ग वेगळा. नोटिसा गेल्या आहेत. कॅमेऱ्याच्या चित्रणाबद्दल माहिती अधिकारात उत्तर आले, त्या आठवड्यात यंत्र बंद होते.

यंत्र बंद असले तरी एका माणसाचे डोळे उघडे होते. त्या रविवारी दुपारी जमातीतलेच एक हाजीसाहेब त्या ठाण्यात दुसऱ्या कामासाठी गेले होते. त्यांनी पोराला आत बसलेला पाहिला, बाहेरच्या टपरीवरून त्याला चहा-बिस्किटे नेऊन दिली. त्या संध्याकाळी “छुट गया ना” म्हणणाऱ्या चौघांतही तेच होते. वकील म्हणतात की त्यांची साक्ष झाली तर बाकी काही नसले तरी चालेल. मी त्यांच्या घरी दोनदा जाऊन आले. त्यांच्या बेगमने चहा दिला. ते म्हणाले, सोचके बताता हूँ. वर्ष भरायला सात आठवडे राहिले आहेत.